गुन्हा सातासमुद्रापलीकडचा, तक्रार मात्र तालुक्याच्या ठाण्यात

इंटरनेटवरून होणारे लहान मुलांचे लैंगिक शोषण रोखण्यासाठी देशोदेशींचे पोलीस एकमेकांना मदत करतात, अशी बातमी आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि हे सगळे दिल्ली-मुंबईचे काम आहे असे समजून पान उलटतो. मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि गावाच्या बाल संरक्षण समितीत काम करते. गेल्या काही वर्षांत जे पाहिले त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की या सहकार्याची खरी परीक्षा आमच्यासारख्या तालुक्याच्या ठाण्यात होते. वरची साखळी बऱ्यापैकी उभी राहिली आहे. ती तुटते ती गावातल्या घरापासून ठाण्यापर्यंतच्या आणि ठाण्यापासून जिल्ह्यापर्यंतच्या अंतरात.

वरची साखळी कशी चालते, ते आधी सांगते, कारण आमच्या भागात शिकल्या-सवरलेल्यांनाही त्याची फारशी कल्पना नसते. आपल्या सेवांवर मुलांच्या शोषणाचे चित्र किंवा व्हिडिओ आढळला, तर अमेरिकेतल्या कंपन्यांना तो तिथल्या कायद्यानुसार 'नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रेन' या संस्थेला कळवावा लागतो. या संस्थेची सायबर टिपलाइन 1998 पासून सुरू आहे. 2023 या एका वर्षात तिच्याकडे जगभरातून सुमारे 3 कोटी 62 लाख अहवाल आले आणि त्यांतले सुमारे 89 लाख भारताशी संबंधित होते, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा जास्त. या आकड्याने घाबरून जाण्याआधी हेही लक्षात घ्यावे की प्रत्येक अहवाल म्हणजे वेगळा गुन्हा किंवा वेगळे मूल नव्हे. एकच जुना व्हिडिओ हजारो लोकांनी पुढे ढकलला की तितके अहवाल तयार होतात आणि आपल्याकडे मोबाइल वापरणाऱ्यांची संख्याच प्रचंड आहे. भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने एप्रिल 2019 मध्ये या संस्थेशी करार केला. त्यानंतर भारताशी संबंधित टिपा आपल्या यंत्रणेकडे येऊ लागल्या आणि तिथून त्या राज्याकडे, राज्याच्या सायबर विभागाकडून जिल्ह्याकडे आणि शेवटी ज्याच्या हद्दीत तो मोबाइल वापरला गेला त्या ठाण्याकडे पाठवल्या जातात. सप्टेंबर 2022 मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन मेघचक्र' या नावाने देशभर छापे घातले, त्याची माहिती न्यूझीलंडच्या पोलिसांकडून इंटरपोलमार्फत आलेली होती. न्यूझीलंडच्या कोण्या अधिकाऱ्याने आपल्या टेबलावर केलेल्या नोंदीवरून भारतातल्या एखाद्या गल्लीत दार ठोठावले जाते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

मात्र ते दार बरोबर घराचे असावे लागते. टिपेत सहसा खात्याचे नाव, आयपी अॅड्रेस (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणाला मिळणारा क्रमांक) आणि वेळ एवढेच हाताशी असते. ती वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि आपली घड्याळे तिच्या साडेपाच तास पुढे आहेत. कागदावर रात्री साडेदहा लिहिले असेल, तर आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशीची पहाटेची चारची वेळ होते, तारीखसुद्धा बदलते. त्यात मोबाइल कंपन्या एकच आयपी अॅड्रेस एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात, त्यामुळे नेमका पोर्ट क्रमांक (एकाच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखू देणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ दिल्याशिवाय ग्राहक ओळखता येत नाही. तालुक्याच्या ठाण्यात हा कागद ज्याच्या हाती पडतो, त्याच्याकडे त्याच दिवशी दारूबंदीची धाड, पोळ्याचा बंदोबस्त आणि महामार्गावरचा अपघात असतो. त्याला कोणी हे नीट शिकवलेले नसेल, तर निरपराध माणसाच्या घरी पोलीस जातील आणि ज्याला पकडायचे तो मोकळा राहील. या प्रशिक्षणाला मी छाप्यांपेक्षा अधिक महत्त्व देते.

आता उलट दिशेचे बोलते, म्हणजे गावातून वर जाणाऱ्या तक्रारीचे. इथेच मला सर्वांत जास्त तळमळ वाटते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या भागातली आई-बाबा दोघेही दिवसभर शेतात असतात. कोरोनाच्या काळात अभ्यासासाठी घेतलेला मोबाइल घरी मुलांच्या हातीच राहिला आहे. अशाच एका घरातली आई माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम बदलून सांगते. ती म्हणाली, "मॅडम, पोट्टं दोन दिवसांपासून जेवून नाही राहिलं, अन् मोबाइल वाजला की दचकते. मले तं काई समजतच नाही जी." मुलीच्या नावाने बनवलेल्या खोट्या खात्यावरून कोणीतरी त्याच्याशी मैत्री केली होती, त्याच्याकडून नको तसा फोटो मागवून घेतला होता आणि आता पैसे दे, नाही तर शाळेच्या ग्रुपवर टाकतो, अशा धमक्या सुरू होत्या. मुलाने आईच्या पर्समधले पैसे काढून एकदा पाठवलेही होते. पैसे मिळाल्यावर मागणी वाढली.

आम्ही ठाण्यात गेलो. तिथे सांगितले गेले की हे सायबरचे काम आहे, जिल्ह्याला जा. तिथल्या एका कर्मचाऱ्याने मुलाकडे पाहून "असा फोटो पाठवलाच कशाला?" असेही विचारले. जिल्ह्याला जायचे म्हणजे एसटीने पूर्ण दिवस मोडतो, त्या माउलीची मजुरी बुडते आणि तिथे गेल्यावर पुन्हा हद्दीचा प्रश्न निघण्याची भीती असतेच. त्या दिवशी आम्ही अडून बसलो, वरिष्ठांशी बोललो आणि तक्रार नोंदवून घेतली गेली. पण ज्या आईसोबत कोणी नसते, ती काय करत असेल?

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे पाठवायची आहे. यालाच आपण शून्य क्रमांकाचा एफआयआर म्हणतो. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणारा 2012 चा पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. त्यानुसार स्थानिक पोलिसांनी अशी तक्रार घ्यावीच लागते आणि 24 तासांच्या आत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवावे लागते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा आहे आणि जबाब घेणारा पोलीस गणवेशात असता कामा नये. शिक्षक, डॉक्टर किंवा शेजारी, कोणालाही असा गुन्हा माहीत असून त्याने कळवला नाही, तर तोही शिक्षेस पात्र ठरतो. हे मी माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना उद्देशून लिहिते आहे, कारण "गावाची बदनामी होईल" या एका वाक्यापुढे आपल्यापैकी अनेक जण गप्प बसतात.

एक अडचण कायद्यातच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि ग्रामीण भागातल्या अनेक ठाण्यांचे ठाणेदार सहायक पोलीस निरीक्षक असतात. मग ती फाइल दुसरीकडे जाते आणि तिथल्या ढिगाऱ्यात पडते. पोक्सोखाली ही अट नाही, म्हणून निदान तेवढा गुन्हा तरी तत्काळ नोंदवून पुरावा हाती घेता येतो. ही अट बदलायची असेल, तर ते काम संसदेचे आहे; तोपर्यंत प्रत्येक उपविभागात या तपासासाठी एक निरीक्षक ठरवून देणे पोलीस अधीक्षकांना अवघड जाऊ नये.

या घाईचे कारण पुराव्याच्या आयुष्यात आहे. खाते बंद करून माणूस नाहीसा होतो. कंपनीकडे वेळेत मागणी गेली, तर ती नोंदी राखून ठेवते. नाही गेली, तर त्या पुसल्या जातात. अमेरिकेतल्या कंपन्यांना टिप दिल्यानंतर तिच्याशी संबंधित माहिती पूर्वी फक्त 90 दिवस जपावी लागत असे, मे 2024 मधल्या कायद्याने ती मुदत एक वर्ष झाली. मुलाच्या जिवाला धोका असेल, तर मोठ्या कंपन्या पोलिसांच्या तातडीच्या विनंतीवर माहिती देतात. संदेशांतला मजकूर न्यायालयात पुरावा म्हणून हवा असेल, तर मात्र भारत-अमेरिका परस्पर कायदेशीर साहाय्य कराराच्या वाटेने जावे लागते आणि त्यात महिनेच्या महिने जातात. म्हणजे ज्या साखळीला वरच्या टोकाला महिने लागणारच आहेत, तिच्या खालच्या टोकाला आपण हद्दीच्या वादात एकही दिवस घालवता कामा नये. ज्या खाजगी संदेशांवर कुलूप असते, ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. तिथे यंत्र टिप देणार नाही. तिथे त्या मुलाने घरी उघडलेले तोंड हीच एकमेव टिप असते.

शिवाय गावाकडे जे ज्ञान आहे, ते वरच्या कोणत्याही संगणकात नाही. इंटरपोलकडे शोषणाच्या चित्रांचा एक आंतरराष्ट्रीय संग्रह आहे आणि भारत 2022 मध्ये त्याच्याशी जोडला गेला. पीडित मूल कोण, कुठले, हे शोधण्यासाठी तिथले तपासनीस चित्रातली पार्श्वभूमी पाहतात: भिंत, खिडकी, विजेचे बटण, गणवेश, कॅलेंडर. छपरावरचे कवेलू, भिंतीखालचा गेरूचा पट्टा, कोपऱ्यात रचलेल्या पऱ्हाट्या आणि दाराशी टेकवलेले डवरे पाहून हे घर वऱ्हाडातले की तेलंगणातले, हे परदेशातला अधिकारी सांगू शकणार नाही, पण आमच्या बीटचा जमादार चटकन सांगेल. त्याला कोणी विचारले पाहिजे, आणि विचारण्याची रीत ठरलेली पाहिजे. आमच्याकडे तर नदी ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो, रोजचे येणे-जाणे आहे. दोन्ही बाजूंची ठाणी जनावरांच्या चोरीसाठी एकमेकांना फोन करतात, तशीच ती मुलांसाठीही करू शकतील.

गावाने आपल्याकडूनही काही गोष्टी सोडल्या पाहिजेत. असे काही उघड झाले की बाप आधी पोराला मारतो आणि मग मोबाइल आपटतो. त्यात मूल तर मोडतेच, शिवाय तपासाचा एकमेव धागाही तुटतो. मोबाइल तसाच ठेवावा, संदेश पुसू नयेत, खात्याचे नाव आणि पैसे पाठवल्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, पुन्हा पैसे पाठवू नयेत. आणि "लोकांना सावध करतो" म्हणून तसला व्हिडिओ गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणारे महाभाग प्रत्येक गावात असतात; त्यांना स्पष्ट सांगायला हवे की हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात असे साहित्य न पुसता, न कळवता जवळ बाळगणे हेसुद्धा पोक्सोखाली शिक्षापात्र ठरू शकते असे सांगितले आहे आणि 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दप्रयोगही टाळायला सांगितले आहे, कारण त्यात मुलावरचा अत्याचार झाकला जातो. पोलिसांना दाखवायचे असेल, तर आहे त्या मोबाइलवर दाखवावे, कोणालाही पाठवू नये.

येत्या ग्रामसभेत मी पुढील ठराव मांडणार आहे आणि शेजारच्या गावांनीही तो घ्यावा अशी विनंती करते. आमच्या ठाण्यात मुलांच्या अशा तक्रारींसाठी एका अधिकाऱ्याची नेमणूक व्हावी, शक्यतो महिला अधिकाऱ्याची, आणि त्यांचे नाव शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिले जावे. पोलीस पाटील आणि बाल संरक्षण समितीच्या सदस्यांना जिल्ह्याच्या सायबर सेलने वर्षातून एकदा तरी तालुक्याला येऊन शिकवावे. ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांकडे ती लेखी पाठवण्याची जबाबदारी समितीच्या अध्यक्षांची असावी, त्या मुलाच्या आईची नव्हे. त्याच फलकावर 1098 (मुलांची हेल्पलाइन), 112 (तातडीची मदत) आणि 1930 (सायबर फसवणुकीची तक्रार) हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत असावेत, आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर नाव न सांगताही मुलांविषयीची तक्रार करता येते हेही लिहिलेले असावे. ठरावाचा मसुदा तयार आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मला कळवावे, मी पाठवते.