गच्चीवरचा सातबारा

आमच्या सोसायटीच्या बोर्डावर परवा नोटीस लागली: ‘गच्चीवर चमकदार वस्तू अंथरू नयेत.’ नाव घातलेलं नाही. घालायची गरजही नाही. मुलुंडच्या या चार मजली इमारतीत गच्चीवर मिरच्या लावणारा मी एकटाच.

वस्तू म्हणजे मल्चिंग पेपर. नाव पेपर, पण असतो प्लास्टिकचा; रोपांभोवती मातीवर अंथरायचा. नारायणगावच्या मावसभावाकडे टोमॅटोच्या लागवडीतून उरलेला तुकडा. (रोल 400 मीटरचा येतो, माझी शेती ओळीने मांडलेल्या क्रेटांची.) खालून काळा, वरून चंदेरी. काळ्या बाजूमुळे तण उगवत नाही, ओल टिकते. चंदेरी बाजूवरून उजेड पानांच्या खाली उसळतो आणि फुलकिडे, पांढरी माशी बावचळतात. ऑक्टोबरच्या उन्हात दरवर्षी या किडींमुळे माझी रोपं पानं आकसून चुरडामुरडा होऊन बसतात, म्हणून हा खटाटोप. माश्या बावचळल्या की नाही हे कळायच्या आत समोरच्या इमारतीतले पाचव्या मजल्यावरचे काका बावचळले.

रविवारी सकाळी थेट गच्चीवर हजर. बर्म्युडा, बनियन, आणि पाऊस नसताना उघडलेली छत्री.

“तुमच्या मिरच्या माझ्या सिलिंगवर नाचतायत.”

“म्हणजे?”

“आठला डोळे उघडले तर सिलिंगवर पाणी हलतंय. म्हटलं, लीकेज. वर सहाव्या मजल्यावर जाऊन भांडलो. प्लंबर आणला. त्यांच्या बाथरूमची लादी उखडली.”

“अरे बापरे. मग?”

“मग काय, नऊला लीकेज बंद. प्लंबर म्हणाला, झालं काम. पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा चालू!”

मला हसू आलं, ते त्यांनी पाहिलं. मग विषय पर्यावरणावर गेला. “26 जुलै विसरलात? प्लास्टिकनेच गटारं तुंबली.” आता 2005 साली सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यात माझ्या क्रेटांचा काय हात? “आणि 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे,” काका म्हणाले. मी म्हटलं, “अहो काका, ती पिशव्यांवर, थर्माकोलच्या ताटांवर. हा पेपर शेतकरी सर्रास वापरतात.”

“ते शेतकरी. तुम्ही शेतकरी? सातबारा दाखवा.”

मुलुंडच्या गच्चीचा सातबारा! इथे इमारतीचं कन्व्हेयन्स व्हायचंय अजून, जागाच सोसायटीच्या नावावर नाही.

काका तिथून आमच्या सेक्रेटरींकडे गेले, आणि दोन दिवसांत नोटीस. याच गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अर्ज तीन एजीएम पडून आहे. चौथ्या मजल्यावर खरोखरचं पाणी गळतं, तिथे बादल्या लावतात. उजेड गळला तर मात्र तातडीची मीटिंग. सेक्रेटरींनी तोडगाही काढला: “उलटा घाला ना, काळी बाजू वर.” म्हणजे या उन्हात माती तापून मुळं उकडू देत. मिरच्या झाडावरच शिजल्या तर गॅस वाचेल, हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

पेपर काढला. गुंडाळत होतो तर काका पुन्हा वर. या वेळी छत्रीशिवाय, आवाजात मध.

“टाकून देणार असाल तर मला द्या. खिडकीवरची निळी ताडपत्री पार फाटलीय. चंदेरी बाजू बाहेर ठेवली की ऊन लागणार नाही, नाही का?”

ती ताडपत्री जूनपासून रात्रभर फडफडतेय, तिच्यावर कुणी नोटीस लावली नाही. पण काकांच्या खिडकीसमोर नेमकी आमच्या सेक्रेटरींची बेडरूम येते. मी अख्खा तुकडा दिला, वर बांधायला सुतळीही दिली.