पौषातले घट

परवा आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आणि बारा-पंधरा बायकांच्या साक्षीने माझ्या टोमॅटोच्या रोपांची पूजा झाली. मी स्वयंपाकघरात मसाला दूध गाळत होतो, नाहीतर वेळीच आडवा पडलो असतो.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोला दीडशे ओलांडले, तेव्हाच 'आता घरीच लावणार' असं मी जाहीर केलं होतं. मुहूर्त यंदाच्या एक जानेवारीला लागला. तोवर टोमॅटो स्वस्त झाले होते, हे बायकोने दोनदाच सांगितलं. बियांचं पाकीट, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीट आणि अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, एवढंच भांडवल. कोकोपीट पाण्यात फुगतं हे माहीत होतं. किती फुगतं ते बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर आल्यावर कळलं. बिया गुलाबी निघाल्या. म्हणजे बुरशीनाशक चोळलेल्या. पाकिटावर 'उगवणक्षमता किमान ७० टक्के' असं छापलेलं. मी तीस पेरल्या, उगवल्या चौदा. उरलेल्या सात मागायच्या कोणाकडे? भिजवलेली मटकी रात्री फडक्यात बांधून ठेवली की सकाळी मोड येतात. अख्ख्या महाराष्ट्राला बी उगवता येतं, मला सोडून.

टोमॅटोच्या बीला ऊब लागते आणि पुण्यात जानेवारीच्या रात्री ती मिळत नाही, म्हणून ट्रे इन्व्हर्टरवर ठेवला, वर प्लॅस्टिक. आठव्या दिवशी एकेक कोंब पाठ वाकवून वर आला, कुणाकुणाच्या डोक्यावर बीचं टरफल तसंच, टोपीसारखं. नेमकी त्याच आठवड्यात ऑफिसात क्लायंटची धावपळ. पोरं तीन दिवस अंधारात राहिली आणि उजेड शोधत नुसती उंच झाली. दोऱ्यासारखी, पिवळी.

मग खिडकीत ठेवली. पण आमची खिडकी! फ्लॅट घेताना 'पूर्वेचं भरपूर ऊन' म्हणून चौरस फुटामागे जादा मोजलेत. आता समोर बावीस मजले उभे आहेत. ऊन सकाळी वीस मिनिटं फटीतून येतं आणि आमच्या ओल्या टॉवेलवर पडून निघून जातं. हप्ता मात्र पूर्ण उन्हाचा कापला जातो. असो.

तर त्या खिडकीखाली पहिल्या मजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. वय पंचाहत्तर, आवाज पंचवीस.

"अगं बाई, घट!"

मी गाळणी टाकून बाहेर आलो. "काकू, टोमॅटो आहेत ते."

"शाकंभरीचे का? पौर्णिमा होऊन गेली की रे! अजून उठवले नाहीस?"

"नाही, देवीचे नाहीत. टोमॅटो. भाजीचे."

"मग तेच म्हणते मी. शाकंभरी भाज्यांचीच देवी."

यावर काय बोलणार? पौषातल्या नवरात्राची देवी भाज्यांची, ट्रेमध्ये भाजी, महिना पौष. काकूंचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता.

"तुमची कुलदेवी तुळजापूरची ना?"

"हो, पण—"

"बघ!" त्या सगळ्यांकडे वळल्या. "आणि अंड्याच्या ट्रेमध्ये बसवलेत. आजकालची पोरं!" मग पुन्हा रोपांकडे बघून, जरा मवाळ होत, "पण उंच आलेत हो. पिवळेधमक. घट असे आले की वर्ष चांगलं जातं."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. महिनाभरात त्या रोपांबद्दल कुणी पहिल्यांदाच चांगलं बोललं होतं.

तेवढ्यात काकूंनी चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू वाहिलं आणि कडेला पाच रुपयांचं नाणं ठेवलं. त्यांनी केलं म्हणून मागच्या दोघींनी केलं. तिसरीने हलवा वाहिला. बायको माझ्याकडे बघतच नव्हती. तिचे खांदे हलत होते. "पाणी घातलंस का आज?" काकूंनी विचारलं, आणि मी 'सकाळीच' म्हणेपर्यंत तांब्या रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदापैकी अकरा रोपं आडवी. देठ मातीलगत चिमटा काढल्यासारखे बारीक, तपकिरी. वरची दोन पानं अजून हिरवट. नर्सरीवाल्याला फोटो पाठवला. "मर लागली, पाणी जास्त झालं," एवढंच उत्तर. मी काकूंचं नाव घेतलं असतं, पण रोज दोनदा पाणी मीही घालत होतोच. तरी तो तांब्या मी विसरणार नाही.

पुठ्ठा लगदा होऊन फाटला, तेव्हा त्यातून नऊ रुपये निघाले. शेतीतलं माझं पहिलं उत्पन्न.

काल लिफ्टमध्ये काकू भेटल्या.

"उठवलेस का रे घट?"

"झोपले, काकू."