ओव्यांवरची पीएच.डी. आणि करदात्याचा पैसा: एका आरोपाला उत्तर

गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: खरे संशोधन प्रयोगशाळेत होते, इतिहास, भाषा, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांत नुसती मते असतात, जात्यावरच्या ओव्या नाहीतर गावदेव यांवर प्रबंध लिहिणाऱ्यांना विद्यावृत्ती देणे ही उधळपट्टी आहे, जपानसारख्या शहाण्या देशाने असले विभाग केव्हाच बंद केले, आणि तसेही या शाखांतले बहुतेक प्रबंध उचलेगिरीचे असतात. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत शिक्षक आहेत, अभियंते आहेत, स्वतः संशोधन करणाऱ्या मुलांचे पालकही आहेत. आपल्या पैशाचे काय होते हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि म्हणूनच यातल्या प्रत्येक आरोपाला पुराव्यानिशी उत्तर मिळायला हवे.

पहिला आरोप, या शाखांत फक्त मते असतात हा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर परवडते, ती पातळी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून काढली आणि १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्याखाली होते, असे दाखवले. हे नुसते मत असते, तर त्याला उत्तर म्हणून दुसरे मत पुरले असते. प्रत्यक्षात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्याला आव्हान दिले ते मोजमापाच्या पायावर. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते. तेव्हा सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरला, तर उपाशी माणसांची संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद पुढे अनेक वर्षे चालला आणि त्यात दोन्ही बाजूंना आपली गृहीतके उघड्यावर मांडावी लागली. चुकीचे ठरू शकेल असे विधान करायचे, ते कशावर उभे आहे हे दाखवायचे आणि दुसऱ्याला ते तपासू द्यायचे, ही विज्ञानाची शिस्त या वादात जागोजागी दिसते.

संस्कृतचा अभ्यास म्हणजे तर निव्वळ रसग्रहण, असा समज आणखी घट्ट आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे उपलब्ध हस्तलिखिते ताडून जुन्यात जुना पाठ ठरवणारी आवृत्ती, १९६६ मध्ये पूर्ण झाली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली बाराशेहून अधिक हस्तलिखिते तिच्यासाठी तपासण्यात आली. कोणत्या प्रतीतली चूक कोणत्या प्रतीत उतरली, दूरदूरच्या प्रदेशांतल्या आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या प्रती कोणत्या पाठावर एकमत होतात, यावरून प्रतींची कुळे ठरवण्यात आली. या कामाची पद्धत घालून देणारे वि. सी. सुखटणकर केंब्रिजमध्ये गणित शिकलेले होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. नकलेत शिरलेल्या चुका वंशाचा माग देतात हे तत्त्व जनुकांनाही लागू पडते. म्हणूनच १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात संशोधकांनी जीवशास्त्रातल्या संगणकीय पद्धतीने चॉसर या इंग्रज कवीच्या हस्तलिखितांची वंशावळ मांडली, तेव्हा दोन्ही विद्या एकाच प्रकारचा प्रश्न सोडवत आहेत हे उघड झाले.

आता ओव्या आणि गावदेव. मराठी मुलखातल्या कष्टकरी बाईने स्वतः लिहिलेले कागद जवळजवळ नाहीत. दप्तरांत ती आलीच तर तक्रारीत, वादीप्रतिवादीत किंवा सारा वसुलीच्या एखाद्या नोंदीत येते. लग्न, माहेर, भाऊ, बाळंतपण, सवत, पाऊस, पंढरी, पुढच्या काळात आंबेडकर, यांविषयी तिला काय वाटत होते याचा सर्वांत मोठा साठा जात्यावरच्या ओव्यांत आहे. गिरणी आल्यावर जाते थांबले आणि हा साठा विझू लागला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, त्यांचे वर्गीकरण केले, आणि आज त्या कोणालाही वाचता-ऐकता येतात. हे काम आणखी एका पिढीने पुढे ढकलले असते, तर त्या ओव्या सांगणाऱ्या बायकाच उरल्या नसत्या. प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो. गेलेली साक्ष परत घेता येत नाही.

गावदेवांचा अभ्यास अंधश्रद्धेला खतपाणी घालतो असेही म्हटले जाते. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ होते आणि १९४५ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडताना त्यांना आढळले की, अनेक ग्रामदेवतांच्या ठाण्यांजवळ अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे सापडतात आणि ही ठाणी मेंढपाळांच्या जुन्या वाटांवर आहेत. त्यावरून त्यांनी लेखी इतिहासाच्या फार आधीच्या वस्तीचा आणि वाटांचा माग काढला. आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या प्राचीन नाण्यांचा काळ ठरवताना त्यांनी हजारो नाणी तोलली, वापराने नाणे किती झिजते हे चालू नाण्यांवर तपासले आणि संख्याशास्त्राने निष्कर्ष काढले. त्याच माणसाने १९४०च्या दशकात जनुकीय नकाशावरील अंतर मोजण्याचे जे सूत्र दिले, ते 'कोसंबी फलन' या नावाने वनस्पतिपैदाशीच्या प्रयोगशाळांत अजून वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच. यातले कोणते काम 'खरे संशोधन' म्हणून ठेवायचे आणि कोणते उधळपट्टी म्हणून वगळायचे, हे तो मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

उपयोगाच्या आरोपाचा विचार कोयनेच्या उदाहरणाने करू. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. मोठ्या जलाशयाचे पाणी जमिनीतल्या जुन्या भेगांवर परिणाम करून भूकंप घडवू शकते का, या प्रश्नाचा अभ्यास जगभरात ज्या ठिकाणांमुळे वाढला त्यांत कोयना अग्रस्थानी आहे. तिथे पुढे तीन किलोमीटर खोल भोक घेऊन खडक तपासण्यात आले. हे भूभौतिकाचे काम अत्यावश्यकच होते. पण त्याच धरणाने गावेही बुडवली. ती माणसे कुठे गेली, त्यांना कसली जमीन मिळाली, भावकी आणि शेजार यांचे काय झाले, हे भूकंपमापकावर उमटत नाही. ते समजण्यासाठी डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी विस्थापितांची घरोघर पाहणी केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका धरणाचे पुरते ज्ञान हवे असेल तर खडक वाचणारा आणि घर वाचणारा, असे दोन्ही अभ्यासक लागतात. पहिला आहे म्हणून दुसरा अनावश्यक ठरत नाही.

गडचिरोलीचे उदाहरण तर एकाच पथकाचे आहे. अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने १९८९ मध्ये दोन गावांतल्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. रोग वैद्यकाने ओळखला, परंतु बाई दवाखान्याची पायरी का चढत नाही हा प्रश्न लाज, पैसा, घरातला अधिकार आणि वैद्याची भाषा यांचा होता. पुढे त्यांनी ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणारी, गावातल्याच स्त्रीला शिकवून तयार केलेली व्यवस्था उभी केली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाते, त्यामागे हे संशोधन आहे. बाळंतिणीच्या खोलीत कोणाला प्रवेश असतो आणि कोणाचा शब्द चालतो, हे ठाऊक नसते तर त्यातले औषधशास्त्र दारातच थांबले असते.

शिवाय तात्काळ उपयोगाची कसोटी विज्ञानालाही सोडत नाही. आपला संख्यासिद्धांत, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांचे गणित, कोणाच्याही व्यवहारी उपयोगाचा नाही, याचे इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना १९४० मध्ये समाधान वाटत होते. १९७७ मध्ये त्याच संख्यासिद्धांतावर आधारलेली संदेश गुप्त ठेवण्याची पद्धत पुढे आली आणि आजच्या ऑनलाइन व्यवहारांची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात तिच्याच जातीच्या पद्धतींवर उभी राहिली. उपयोगाचा दाखला आधी मागितला असता, तर हार्डी आणि रामानुजन हे दोघेही पहिल्याच छाननीत बाद झाले असते.

पैशाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन आणि विकासावरचा एकूण खर्च देशांतर्गत एकूण उत्पादनाच्या (जीडीपी) सुमारे ०.६४ टक्के होता आणि त्यात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा ८.८ टक्के. म्हणजे सगळ्या विद्यापीठांतल्या सगळ्या विषयांना मिळून आलेला भाग इतका लहान आहे, की त्यातला ओव्यांचा कोपरा काढून घेतला तरी एखादी नवी प्रयोगशाळा उभी राहणार नाही. प्रयोगशाळांची उपेक्षा होते हे खरे आहे, मलाही ते बोचते. परंतु तिचे कारण एकूण तरतूद अपुरी असणे हे आहे.

जपानचा दाखला अर्धवट आहे. जून २०१५ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी राष्ट्रीय विद्यापीठांना पत्र पाठवून मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे विभाग बंद करण्याचा किंवा समाजाची गरज अधिक भागवणाऱ्या क्षेत्रांकडे वळवण्याचा विचार सुचवला होता, एवढे खरे. त्यानंतर जपानच्या विज्ञान परिषदेने विरोध नोंदवला. सप्टेंबरमध्ये बड्या उद्योगांच्या महासंघाने, म्हणजे ज्यांच्या नावाने हा बदल मागितला जात होता त्यांनीच, आपल्याला तसे नको असल्याचे जाहीर केले. मंत्रालयाला आपल्या पत्राचा अर्थ चुकीचा लावला गेल्याचा खुलासा करावा लागला. पुढे २०२० मध्ये जपानने विज्ञान-तंत्रज्ञानविषयक मूलभूत कायदा दुरुस्त केला आणि तोवर त्यातून वगळलेल्या मानव्यविद्यांचा त्यात समावेश केला. फिरणाऱ्या मजकुरात गोष्ट २०१५ च्या जूनमध्येच संपते.

उरला उचलेगिरीचा आरोप, आणि तो मी नाकारत नाही. निकृष्ट प्रबंध आहेत, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली नियतकालिके २०१८ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी नमुन्यादाखल तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक किमान निकषांतही बसली नाहीत. ती यादी मात्र सगळ्या विद्याशाखांची होती. २०२० च्या जूनमध्ये 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाला करोनावरील औषधाचा एक मोठा अभ्यास मागे घ्यावा लागला, कारण त्यातली रुग्णांची माहिती तपासायला मिळेना. रोग सर्वत्र आहे, आणि त्यावर इलाजही एकच चालेल. प्रबंध 'शोधगंगा' या ऑनलाइन संग्रहावर कोणालाही वाचता येतात. त्यांच्यासोबत परीक्षकांचे अहवाल आणि तोंडी परीक्षेतले आक्षेपही प्रसिद्ध करावेत, अशी मागणी विद्यापीठांकडे करायला हवी. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी ती केली, तर सही करायला मी पहिला येईन.