कोथरूडचा कचरा, सुगिनामीचा कचरा

हॉलंडहून कामासाठी टोकियोत आलेला माझा सहकारी असाकुसाच्या गर्दीत कॉफीचा रिकामा कप हातात धरून दोन तास फिरला. कचराकुंडी कुठे दिसेना. मार्च १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर स्टेशनांवरच्या आणि रस्त्यांवरच्या कुंड्या मोठ्या प्रमाणात काढल्या गेल्या. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. गाडीतली शांतता, एकटी शाळेत जाणारी पहिलीतली पोरं, टिप नाकारणारा वेटर, सगळंच त्याला नवल वाटत होतं. पण त्या कपावर त्याचा जीव जडला होता. ‘झेन’ हा शब्द त्याने संध्याकाळपर्यंत चारदा तरी वापरला.

मी हसलो, कारण टोकियोतल्या आमच्या निशिकसाई भागातल्या इमारतीखाली झेन वगैरे काही नाही. तिथे कावळ्यांसाठी लावलेली जाळी आहे आणि सकाळी आठच्या आत पिशवी ठेवायची असते, तीही आतलं दिसेल अशी. पहिल्याच महिन्यात मी लोणच्याची काचेची बरणी जळाऊ कचऱ्यात कोंबली. गाडी आली, सगळ्यांच्या पिशव्या गेल्या, माझी एकटीच मागे राहिली, वर चिकटपट्टी: नियमात बसत नाही म्हणून नेली नाही. पारदर्शक पिशवीतला तो आंब्याच्या लोणच्याचा मसाला कुणाचा हे ओळखायला आख्ख्या इमारतीत कुणाला कष्ट पडणार नव्हते. तळमजल्यावरच्या आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कचऱ्याचं चित्रांचं वेळापत्रक घेऊन दारात उभ्या राहिल्या, हसतमुख. त्या हसण्याला मी अजून घाबरतो.

याच सुमारास घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोथरूडच्या मामांचं नेहमीचं वाक्य आलं: “त्यांच्या रक्तातच शिस्त आहे रे. आपल्याला दंडुकाच पाहिजे.” हे वाक्य दर महिन्याला येतं. कधी ओला-सुका वेगळा न करणाऱ्या शेजाऱ्यावर, कधी रस्त्यावर थुंकणाऱ्यावर. २०१८ मध्ये पुणे महापालिकेने थुंकणाऱ्यांना त्यांचीच पिंक पुसायला लावली, तेव्हा मामा आठवडाभर खूश होते.

रक्ताबद्दल मला शंका आहे. मी राहतो त्याच्या शेजारचा वॉर्ड म्हणजे कोतो. तिथल्या खाडीत भर घालून केलेल्या युमेनोशिमावर, म्हणजे ‘स्वप्नांच्या बेटा’वर, १९५७ पासून टोकियोचा कचरा पडत होता. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथून माश्यांचे थवे वस्तीत घुसले. शेवटी तेल ओतून कचऱ्याचे ढीग पेटवावे लागले. कचऱ्याचे ट्रक रोज कोतोच्या रस्त्यांवरून, गळत गळत. आणि पश्चिमेकडच्या सुखवस्तू सुगिनामी वॉर्डात कचरा जाळायची भट्टी बांधायची ठरली, तर तिथल्या लोकांचा विरोध! १९७१ मध्ये टोकियोचे राज्यपाल मिनोबे यांनी ‘कचरायुद्ध’ जाहीर केलं. १९७३ मध्ये कोतोच्या लोकांनी सुगिनामीचे ट्रक रस्त्यातच अडवले. तुमचा कचरा तुमच्याकडे ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं. १९७४ मध्ये समझोता झाला आणि पुढे सुगिनामीत ताकाइदोला भट्टी उभी राहिली. आजही त्याच वॉर्डात आहे.

हे वाचताना मला पुण्याजवळची फुरसुंगी दिसते. कोथरूडचा कचरा डेपो बंद झाला आणि पुण्याचा कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीकडे जाऊ लागला. एप्रिल २०१७ मध्ये तिथे आग लागली, गावकऱ्यांनी तीन आठवडे गाड्या अडवल्या. त्या तीन आठवड्यांत पुण्यात बेशिस्तीची चर्चा भरपूर झाली. फुरसुंगीच्या विहिरींची मात्र फारशी नाही.

जपानचं सगळंच गोड आहे असं नाही. इथे एकेक केळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मिळतं, आणि मग ते प्लॅस्टिक आपण धुऊन वेगळं ठेवायचं, यात कौतुक कसलं? पुण्यातली रद्दीवाली माणसं आणि ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया जे हाताने वेगळं करतात, ते इथे मी फुकट करतो. फरक एवढाच की मी वेगळं केलेलं पुढे वेगळंच जातं, याची मला खात्री असते. मामांना नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. गाडीत दोन्ही डबे एकत्र ओतलेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत.

मार्चमध्ये मामा-मामी आले तेव्हा त्यांना मी युमेनोशिमालाच नेलं. आता तिथे बाग आहे, आणि काचेचं मोठं उष्ण कटिबंधी वनस्पतिगृह. शेजारच्या भट्टीत कचरा जळतो, त्याच्या उष्णतेवर ते ऊबदार राहतं. मामांनी केळीपाशी उभं राहून फोटो काढून घेतला.

बाहेर बाकावर मी त्यांना सुगिनामीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ समोर पाहत राहिले.

“म्हणजे काय, परत कोथरूडला आणायचा म्हणतोस?”

“मी काही म्हणत नाही, मामा.”

“डेपोच्या जागेवर आता मेट्रो आहे,” ते म्हणाले, आणि मामींनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढला.