जुन्या पॅटर्न विमानाला "बसेल तेवढं मोठं इंजिन" लावायच्या सल्ल्याबद्दल

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे आला असणार. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की जुनं पॅटर्न विमान (स्पर्धेत हवाई कसरती करायचं रिमोटवरचं मॉडेल विमान) हाताला लागलं तर त्यातलं ६० टू-स्ट्रोक (इंजिनाचे हे आकडे क्युबिक इंचाच्या शंभराव्या भागात असतात, ६० म्हणजे साधारण १० सीसी) काढून टाका कारण ते आता भंगार झालं, त्याजागी १२० फोर-स्ट्रोक नाहीतर २० सीसी पेट्रोल बसवा, फायरवॉलला (नाकातली प्लायची भिंत, जिच्यावर इंजिन बसतं) नवीन भोकं पाडली की काम झालं, नाक जड वाटलं तर बॅटरी शेपटीकडे सरकवा, जादा पॉवरने कधी नुकसान होत नाही कारण थ्रॉटल तुमच्या हातात असतो, आणि इंजिन निवडताना हॉर्सपॉवरचा आकडा बघा म्हणजे झालं. वाचताना पटकन पटतं. पण ह्यातला जवळपास प्रत्येक मुद्दा चुकतोय आणि ह्या सल्ल्यापायी चाळीस-पन्नास वर्षं टिकलेली विमानं एका सीझनमध्ये मोडतात हे मी जवळून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ही विमानं कशी जन्माला आली ते लक्षात घ्या. एफएआयच्या (हवाई खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना) जागतिक स्पर्धांमध्ये तेव्हा इंजिनाची मर्यादा १० सीसी होती, म्हणजे ६० किंवा ६१ चं इंजिन, हिशोब करून बघा ०.६१ क्युबिक इंच बरोबर १० सीसीच्या काठावर येतो. फिल क्राफ्टनी १९६७ ला क्विक फ्लायवर जागतिक विजेतेपद घेतलं, हान्नो प्रेटनरनी १९७७ ला क्युरारेवर घेतलं, आणि ह्या दोन्ही विमानांचं नाक किती लांब, टाकी कुठे, चाकांचे पाय किती उंच हे सगळं त्याच १० सीसीच्या इंजिनाला धरून ठरलेलं. विमान डिझाइन करणाऱ्याने इंजिनाचं वजन आणि प्रॉपचा (पुढच्या पंख्याचा) व्यास आधी मनात धरलाय आणि मग बाकीचं कागदावर आलंय. ते इंजिन बदललंत की तुम्ही डिझाइनच बदलताय, हे आधी मान्य करा.

"जादा पॉवरने कधी नुकसान होत नाही." पॉवर फुकट येत नाही हो, ती वजन घेऊन येते. ६० टू-स्ट्रोक मफलरसकट साधारण ६५० ते ७०० ग्रॅम भरतं. २० सीसी पेट्रोल म्हणजे इंजिन, मफलर, इग्निशन बॉक्स आणि त्याची वेगळी बॅटरी धरून साडेनऊशे ते हजार, १२० फोर-स्ट्रोक पण त्याच आसपास. म्हणजे नाकावर ३०० ग्रॅम वाढले. मग सीजी (गुरुत्वमध्य, ज्या जागी विमान तोलून राहतं) जुळवायला मागे काहीतरी, फायरवॉल मजबूत करायला प्लाय आणि इपॉक्सी, मोठा स्पिनर, मोठा प्रॉप, असं करत करत अर्धा किलो कधी चढतं कळत नाही. ३.४ किलोचं विमान ३.९ झालं. ४५ चौरस डेसिमीटरच्या पंखावर लोडिंग (दर चौरस डेसिमीटरवरचं वजन) ७६ ग्रॅमवरून ८७ ला गेलं. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाही) ७ टक्क्यांनी वाढला, आणि लोक म्हणतात ७ टक्के काय मोठंसं, पण टेकताना चाकांवर जी ऊर्जा येते ती वजन गुणिले वेगाचा वर्ग अशी जाते, ती ३० टक्क्यांहून जास्त वाढते. फोमच्या पंखात बसवलेली रिट्रॅक्टची (उडताना आत दुमडणाऱ्या चाकांची) प्लायची पट्टी, जी मुळात कशीबशी टिकलीय आणि जिचं ग्लू तुमच्या वयाचं आहे, तिला हा धक्का दर लँडिंगला बसणार. पट्टी उपटून आली की सोबत फोमचा गोळा येतो, पंख दुरुस्त होतो पण आधीसारखा होत नाही.

"नाक जड झालं तर बॅटरी शेपटीकडे सरकवा." हा मुद्दा सगळ्यात फसवा, कारण तराजूवर तो बरोबर निघतो. करून बघू. इंजिनाने सीजीच्या पुढे २५ सेंटीमीटरवर ३०० ग्रॅम वाढवले, गुणाकार ७,५००. १५० ग्रॅमची बॅटरी जी सीजीच्या पुढे ५ सेंटीमीटरवर होती ती मागे ४५ सेंटीमीटरवर नेली, ५० सेंटीमीटर हलली, गुणाकार पुन्हा ७,५००. बोटांवर उचललं की विमान सरळ राहतं आणि माणूस खूष होतो. पण विमान वर-खाली किंवा डावी-उजवीकडे फिरवायला किती जोर लागतो हे अंतराच्या वर्गावर ठरतं. पुढचं वाढलेलं वजन ३०० गुणिले २५ चा वर्ग, म्हणजे १,८७,५००. मागची बॅटरी १५० गुणिले ४५ चा वर्ग, म्हणजे ३,०३,७५०. म्हणजे वजनाने अर्धी असलेली बॅटरी इंजिनाच्या वाढीपेक्षा दीडपटीहून जास्त जडत्व देतेय! विमान आता दोन टोकांना वजन बांधलेल्या काठीसारखं झालं. स्पिनमधून स्टिक सोडली की जे विमान जिथल्या तिथे थांबायचं ते आता अर्धा फेरा जास्त खातं, लूपच्या शेवटी नाक सरळ रेषेत थांबत नाही, पुढे जाऊन परत येतं, आणि पायलट म्हणतो हे जुनं डिझाइनच ढिलं आहे. डिझाइन ढिलं नाहीये. त्यातून नाकावर पडायची वेळ आली तर ती बॅटरी शेपटीतून सगळे फॉर्मर (सांगाड्यातल्या आडव्या चौकटी) फोडत पुढे येते, हे वेगळंच.

"थ्रॉटल तुमच्या हातात असतो." थ्रॉटल मागे घेतला की वजन कमी होत नाही, एवढं एक वाक्य खरं तर पुरे. पण अजून एक आहे जे कोणी बोलत नाही, ते म्हणजे प्रॉप. १० सीसी टू-स्ट्रोकवर ११ बाय ८ (व्यास ११ इंच, एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर म्हणजे पिच ८ इंच) लावा, मिनिटाला १२,५०० फेरे धरा, प्रॉपची पिच स्पीड येते ताशी १५२ किलोमीटर. २० सीसी पेट्रोलवर १६ बाय ८ लावा, ८,००० फेरे धरा, येते ताशी ९८. म्हणजे दुप्पट सीसी घालून विमान सरळ रेषेत हळू झालं! उभं खेचताना जोर आहे, मान्य, प्रॉपवर टांगून ठेवायचं असेल तर उत्तमच, पण ही विमानं टांगायला बनलेली नाहीत, ती वेगाने मोठमोठ्या आकृत्या काढायला बनलीयत, सगळं वेगावर चालतं. त्यात तुम्ही वजन वाढवलंत आणि वेग काढून घेतलात. कोणी म्हणेल मग १४ बाय १० लावू, ठीक, वेग बराचसा परत येतो, पण जड विमान डाइव्हमध्ये आणखी वेग पकडतं आणि तिथे जुन्या बिजागऱ्या, लाकडी पुशरॉड आणि झिजलेले क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचे चिमटे) फ्लटरला, म्हणजे वेगात होणाऱ्या फडफडीला, तोंड देऊ शकत नाहीत. एलेव्हेटर फडफडायला लागल्यावर तुमच्याकडे एखादा सेकंद असतो.

आणि जमिनीपासूनचं अंतर. ११ इंची प्रॉपच्या जागी १४ इंची लावला की टोक जवळपास ४ सेंटीमीटर खाली येतं, १६ इंची लावला तर ६ च्या पुढे. ह्या विमानांच्या रिट्रॅक्टचे पाय आखूड, कारण ते पंखातल्या खाचेत मावायला हवेत, त्यामुळे पाय लांब करू म्हणणं सोपं आणि करणं अवघड. गवतावर तर विषयच संपला.

"फायरवॉलला नवीन भोकं पाडली की काम झालं." ह्या वाक्याचा मला खरंच राग येतो. मी एकदा साठीच्या दशकातल्या डिझाइनचं, जुनं बांधलेलं विमान उघडलं, बाहेरून चकचकीत, कव्हरिंगला सुरकुती नाही. इंजिन उतरवलं, माउंट काढला, फायरवॉल चहासारखी तपकिरी दिसत होती. अंगठ्याचं नख दाबलं तर नख आत गेलं आणि कडेने एरंडेलाचा थेंब वर आला. प्लाय नव्हतंच ते, तेलात भिजलेला कागद होता. इतकी वर्षं ग्लो इंधनातलं (ह्या जुन्या इंजिनांचं मिथेनॉल आणि एरंडेलाचं इंधन) तेल जुन्या स्क्रूच्या भोकांतून आत झिरपत राहिलं आणि मागच्या बाल्सापर्यंत पोचलं. अशा लाकडावर नवीन इपॉक्सी धरत नाही. तिथे कॉर्नस्टार्च किंवा खडूची पूड आणि हीट गन घेऊन आठवडाभर तेल ओढून काढावं लागतं, नाहीतर फायरवॉल कापून नवीन. सिंगल सिलिंडर पेट्रोल इंजिनाचा दर फेऱ्याला बसणारा ठोका ६० च्या ठोक्यापेक्षा बराच जड असतो, तो अशा लाकडाला देणार? काही डिझाइनमध्ये फायरवॉलवर माउंट नसतोच, इंजिन हार्डवुडच्या दोन बेअररवर (आडव्या दांड्यांवर) झोपतं आणि त्या बेअररमधली फट ६० च्या क्रँककेसपुरतीच असते, तिथे मोठं इंजिन म्हणजे नाक कापणं आलं.

पेट्रोलवर जाताना टाकीतली सिलिकॉनची नळी बदलायची असते हेही मेसेजमध्ये नाही. ती पेट्रोलमध्ये फुगते आणि मऊ पडते. पेट्रोलला चालणारी नळी आणि पेट्रोलला चालणारा टाकीचा बूच, दोन्ही लागतात.

"हॉर्सपॉवरचा आकडा बघा." पत्रकावरचा आकडा बहुतेक वेळा १५-१६ हजार फेऱ्यांचा असतो, आणि पॅटर्नच्या प्रॉपवर ते इंजिन तिथपर्यंत कधी जातच नाही. दोन इंजिनांची तुलना करायची एकच प्रामाणिक पद्धत, एकच प्रॉप दोन्हींवर लावा, एकच इंधन, आणि टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) धरा. प्रॉप तोच असला तर लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, त्यामुळे ११,५०० आणि १२,००० मधला फरक ऐकायला छोटा वाटतो पण तो १३ टक्क्यांहून जास्त ताकदीचा फरक आहे.

आता "जुनं इंजिन भंगार". इथे मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा इंजिन उघडूनच बघितलेलं नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन जाम होतं ते नव्वद टक्के वेळा एरंडेलाचा चिकट थर बसल्यामुळे, लोखंड झिजल्यामुळे नाही. पाना लावून प्रॉप ओढू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. हीट गनने क्रँककेस चटका बसेल इतकं गरम करा, पातळ तेल सोडा, थांबा, पुन्हा गरम करा, हळूहळू सुटतं. मग बेअरिंग बघा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं त्यामुळे मागचं बेअरिंग बहुतेक वेळा गंजलेलं निघतं, ते बदला, मापाची बेअरिंग मिळतात. रिंग असेल तर कॉम्प्रेशन तपासा. एबीसी असेल, म्हणजे क्रोम केलेली पितळी स्लीव्ह आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन, तर थंड असताना वरच्या टोकाला घट्ट लागणारच, तशीच बनवलीय, ती खराब समजू नका आणि खूप रिच (इंधन जास्त, हवा कमी) चालवून घासूही नका. बुशवाल्या (बॉल बेअरिंग नसलेल्या) किंवा रिंगवाल्या जुन्या इंजिनाला २० टक्के तेल आणि त्यात एरंडेल हवंच. इंधनात नायट्रो जास्त घातलं की कुठल्याही इंजिनात नुसता जोरच वाढतो हा पण असाच गैरसमज, हाय कॉम्प्रेशनचं जुनं इंजिन जास्त नायट्रोवर ठोकायला लागतं, घालायचंच असेल तर हेडखाली शिम (पातळ चकती) टाकून कॉम्प्रेशन कमी करा.

मेसेजमागची एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मानली पाहिजे. दुरुस्त्या आणि रंगाचे थर चढून जड झालेलं विमान थकलेल्या ६० वर खरंच दमतं, वर जाताना जीव जातो. पण त्याला उपाय आहेत. ट्यून्ड पाइप (मफलरच्या जागी लागणारा, लांबी जुळवून जोर वाढवणारा एक्झॉस्ट) लावा, किंवा आधीचा असेल तर नीट जुळवा, सुरुवात लांब ठेवून करा आणि थोडे थोडे मिलिमीटर कमी करत जा, एकदम आखूड केलात तर इंजिन हवेत लीन (इंधन कमी पडून) होऊन गळपटतं. पाइपचा अजून एक फायदा, त्याचं वजन पोटाखाली मागे पसरतं, मफलरसारखं नाकावर बसत नाही.

आणि नवीन इंजिन घ्यायचंच असेल तर विमान कुठल्या काळातलं ते बघून घ्या. साठीच्या दशकातलं डिझाइन क्रॉसफ्लो इंजिनावर बेतलेलं, वर भिंतीसारखा उंचवटा असलेला पिस्टन, ताकद बेताची. तितकी ताकद आजचं ४६ ते ५५ चं श्नुर्ले पोर्टिंगवालं (सिलिंडरच्या भोकांची नंतरची, जास्त ताकद देणारी रचना) टू-स्ट्रोक सहज देतं, वर हलकंही आहे, उलट नाकात थोडं शिसं घालावं लागेल. सत्तरीतल्या डिझाइनला आजचं ६० किंवा ६१, सरळ, काही विचार नको. फोर-स्ट्रोकचा आवाज आवडत असेल, मलाही आवडतो, तर ९० किंवा ९१ घ्या, १२० नाही. ९१ चं वजन त्याच्या छोट्या सायलेन्सरसकट ६० आणि त्याच्या मफलरइतकंच येतं, फक्त १३ इंची प्रॉप जमिनीला लागत नाही ना ते बघा. पेट्रोलच हवं तर १०-१५ सीसीत आता इंजिनं आहेत, पण इग्निशन धरून वजन करा. इलेक्ट्रिक पण चालतं, नाक हलकं ठेवता येतं, फक्त बॅटरीसाठी वरून झाकण कापावं लागेल आणि ते सगळ्यांना पटत नाही.

भोकं पाडायच्या आधी एक काम करा. विमान पूर्ण जोडा, सर्व्हो, रिसीव्हर, बॅटरी सगळं मूळ जागी, टाकी रिकामी. नवीन इंजिन मफलर आणि प्रॉपसकट रबर बँडने नाकावर बांधा, प्रॉपची जागा प्लॅनमध्ये दाखवलीय तिथेच. प्लॅनवरच्या सीजीच्या खुणेवर दोन बोटांनी उचला. नाक खाली पडलं आणि ते उचलायला मागे शंभर ग्रॅमहून जास्त लागत असेल, तर ते इंजिन ह्या विमानाचं नाही, खोक्यात परत ठेवा.