बोर्ड मायक्रोअँपिअर खातो, हे सेलला कुठे ठाऊक असतं?

लोरावर (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणाऱ्या रेडिओ तंत्रावर) प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींत एक सल्ला सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय असा: "लोरा बोर्ड झोपेत दहाच मायक्रोअँपिअर घेतो. कुठलाही १८६५० सेल (नळीसारखा गोल लिथियम-आयन सेल) जोडा, जुन्या लॅपटॉपमधून काढलेलाही चालतो. चार्जिंगची चिप बोर्डावरच असते, ती सगळं सांभाळते. एवढ्याशा करंटला आग कसली लागते? लावा आणि विसरून जा, वर्षानुवर्षं चालेल."

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. शेवटचं क्वचित खरं ठरतं. मधली मात्र सरळ धोक्याची आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

"एवढ्याशा करंटला आग कसली?" करंट एवढासा आहे तो बोर्डाचा. पेटतो तो सेल. ३००० मिलिअँपिअर-अवरच्या १८६५० मध्ये साधारण १०.८ वॅट-अवर, म्हणजे सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा असते. समोर लोरा बोर्ड आहे की मोठा टॉर्च, यावर हा आकडा ठरत नाही. शॉर्ट झाला की बिनसंरक्षणाचा सेल दहा-वीस अँपिअर सहज ओततो. आणि शॉर्ट व्हायला फार काही लागत नाही. या सेलचा अख्खा पत्रा निगेटिव्ह असतो, अगदी पॉझिटिव्ह टोकाच्या कडेपर्यंत. दोघांमध्ये असतं ते पातळ प्लास्टिकचं वेष्टन आणि एक कागदी चकती. होल्डरच्या पत्तीने वेष्टन सोललं, डब्यात एखादा स्क्रू सुटून फिरत राहिला, की काम झालं.

"चिप सगळं सांभाळते." इथे जरा थांबायला हवं, कारण गैरसमजाचं मूळ हेच आहे. चार्ज करणं आणि संरक्षण देणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. टीपी४०५६ ही नेहमीची चार्जिंग चिप किंवा तिची धाकटी बहीण टीपी४०५४ सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरते आणि करंट दहाव्या हिश्श्यावर आला की थांबते. सेल रिकामा होताना ती काहीच करत नाही. तळाला गेलेला सेल तोडणं, शॉर्ट झाल्यावर वाट बंद करणं, ही कामं डीडब्ल्यू०१ सारखी वेगळी चिप आणि तिच्या जोडीचे मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, करतात. ते बोर्डावर असतीलच असं नाही. चपट्या, पाकिटासारख्या पाऊच सेलच्या पिवळ्या पट्टीखाली बहुधा असतात, उघड्या १८६५० मध्ये नसतात. काही बोर्डांवर एएक्सपी२१०१ सारखी पॉवर मॅनेजमेंट चिप असते, तिची गोष्ट निराळी. पण आपल्या बोर्डावर काय आहे हे सर्किट डायग्राम उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

डीडब्ल्यू०१ असली तरी ती साधारण २.४ व्होल्टला तोडते. तो शेवटचा अडसर आहे, रोजची मर्यादा नव्हे. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुढच्या चार्जिंगला तेच आतल्या आत शॉर्ट घडवू शकतं. टीपी४०५६ अशा सेलला नकारही देत नाही. २.९ व्होल्टच्या खाली असेल तर ती करंट एक दशांश करते आणि निमूटपणे भरायला लागते. म्हणून प्रोग्रॅममध्येच ३.३ व्होल्टच्या आसपास 'आता पाठवणं बंद, लांब झोप' अशी अट घालावी. नाहीतर व्होल्टेज घसरलं की बोर्ड रीसेट होतो, उठतो, उठताना जास्त करंट ओढतो, पुन्हा रीसेट होतो. या फेऱ्यांत उरलासुरला सेलही पिळून निघतो.

आता तापमान. लिथियम-आयन सेल ० अंशाखाली चार्ज केला तर ऋण ध्रुवावर धातुरूप लिथियम साचतं, आणि ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असंच बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात असतं. टीपी४०५६ ला तापमानासाठी एक पाय (पिन) आहे खरा, पण बऱ्याच मोड्यूलवर तो सरळ ग्राउंडला जोडून टाकलेला असतो. टीपी४०५४ ला पाचच पाय, त्यात हा नाहीच. चिप तापली की करंट कमी करते, पण ते स्वतःला वाचवायला. शेजारचा सेल किती तापलाय याची तिला गंधवार्ता नसते. बंद डबा, वर सोलर पॅनेल, भर ऊन: म्हणजे सेल सर्वांत जास्त तापलेला असतो नेमका तेव्हाच चार्जिंग जोरात चालू असतं. पॅनेलच्या पाठीला डबा चिकटवण्याची पद्धत तर मला मुळीच पटत नाही. डबा सावलीत ठेवा आणि तारा लांबवा.

आणखी एक. टीपी४०५६ च्या तयार मोड्यूलवर चार्जिंगचा करंट ठरवणारा रेझिस्टर १.२ किलोओहमचा असतो, म्हणजे चार्जिंग १ अँपिअरने. ५०० मिलिअँपिअर-अवरच्या छोट्या पाऊचला हे क्षमतेच्या दुप्पट करंटचं चार्जिंग झालं. तिथे ५ किलोओहम लावला तर करंट २५० मिलिअँपिअरवर येतो.

"कुठलाही सेल जोडा." नको. जुन्या लॅपटॉपमधल्या सेलने किती वेळा तळ गाठलाय हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ९९०० मिलिअँपिअर-अवर छापलेला १८६५० ही शुद्ध थाप असते. चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० च्या आसपास भरतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो, त्याला ४.२ चा चार्जर लावायचा नाही. सगळ्यांत वाईट गफलत ३.६ व्होल्टच्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलची. दिसायला पेन्सिल सेलएवढा, व्होल्टेज जुळणारं, पाण्याच्या मीटरमध्ये वर्षानुवर्षं टिकणारा. पण तो रिचार्जेबल नाही. बॅटरीच्या सॉकेटला तो जोडून वर यूएसबी लावली, की चिप त्याला चार्ज करायला जाणार आणि तो फुटू शकतो. शिवाय साध्या बनावटीच्या अशा सेलला ट्रान्समिटचा १००-१२० मिलिअँपिअरचा झटका झेपत नाही, जोडीला कपॅसिटर लागतो.

सॉकेटमधल्या लाल-काळ्या तारांचा क्रमही सगळीकडे सारखा नसतो. मी एक बोर्ड असाच जाळला आहे. रंगावर विश्वास ठेवला, मल्टिमीटर शेजारीच पडलेला होता.

राहिलं "दहा मायक्रोअँपिअर." हा ईएसपी३२ चिपचा, म्हणजे अशा बऱ्याच बोर्डांच्या मेंदूचा, डीप स्लीपमधला (गाढ झोपेतला) आकडा. बोर्ड म्हणजे चिप नव्हे. पॉवरचा एलईडी, यूएसबी-सिरीयल चिप, डिस्प्ले, बॅटरीचं व्होल्टेज मोजायची रेझिस्टरची जोडी (डिव्हायडर), सगळे पंगतीला बसलेले असतात. व्होल्टेज ३.३ वर आणणारा एएमएस१११७ रेग्युलेटर असेल तर तो एकटाच काही मिलिअँपिअर गिळतो. ३००० मिलिअँपिअर-अवरला दहा मायक्रोअँपिअरने भागलं तर कागदावर ३४ वर्षं येतात, दहा मिलिअँपिअरने भागलं तर साडेबारा दिवस.

आणि हे सगळं बोर्ड झोपत असेल तर. मेशमधल्या (एकमेकांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या बोर्डांच्या जाळ्यातल्या) नोडला सतत कान देऊन बसावं लागतं. एसएक्स१२६२ ही लोराची रेडिओ चिप ऐकताना सुमारे ४.६ मिलिअँपिअर घेते, म्हणजे एकट्या रेडिओचे दिवसाला ११० मिलिअँपिअर-अवर. पाठवण्याचा खर्चही स्प्रेडिंग फॅक्टरवर (एसएफ; तो वाढला की संदेश लांब जातो पण हळू) ठरतो: २३ बाइटचं पॅकेट १२५ किलोहर्ट्झवर एसएफ७ ला ६२ मिलिसेकंदांत जातं, एसएफ१२ ला जवळपास दीड सेकंद लागतो.

आपल्या बोर्डाचा करंट मोजताना एक अडचण हमखास येते. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून जोडला की बोर्ड सुरूच होत नाही, कारण सुरू होतानाच्या झटक्याला मीटरमध्येच व्होल्टेज पडतं. मीटरच्या दोन टोकांना एक तार आडवी लावा, बोर्ड झोपला की ती काढा, आकडा वाचा आणि तो जागा व्हायच्या आत तार परत लावा.