दादा, तुमचं घर नाल्यात दाखवतंय

कुरिअरवाल्या पोऱ्याचा पहिला फोन सव्वाअकराला आला. "दादा, लोकेशनवर उभा आहे. इथं तर नाला आहे. घर कुठंय?"

"नाल्याच्या अलीकडे," मी म्हणालो.

"अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे?"

प्रश्न तात्त्विक होता. अमळनेर तालुक्यात तत्त्वज्ञानाला तोटा नाही, तत्त्वज्ञान मंदिर इथं 1916 पासून उभं आहे. पण दिवस वैशाखाचे होते आणि पोऱ्या घामाघूम. तिसऱ्या फोनला मी त्याला शास्त्रशुद्ध सांगितलं, "उत्तरेला तोंड कर आणि चाळीस मीटर चाल." पलीकडे शांतता. मग अगदी काकुळतीला येऊन तो म्हणाला, "दादा, देऊळ-बिऊळ काहीतरी सांगा ना."

मी पोटासाठी नकाशे बनवतो. गावात हे सांगायची सोय नाही. सांगितलं की लोक लगेच विचारतात, "मग आमची मोजणी कधी करून देता?" नकाशा म्हणजे गटाचा नकाशा, आणि नकाशावाला म्हणजे बांधाचा तंटा मिटवणारा, एवढाच अर्थ इथं ठाऊक. मला मात्र नकाशांचं व्यसन आहे. दोष थोडा जागेचाही आहे. 21 अंश उत्तर आणि 75 अंश पूर्व या दोन रेषा अमळनेरच्या नैर्ऋत्येला काही किलोमीटरवर एकमेकींना छेदतात आणि आमचं खेडं नेमकं तिथंच वसलंय. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे 46 के, 46 एल, 46 ओ आणि 46 पी अशा चार नकाशांचे कोपरे आमच्या शिवारात भेटतात. घर 'ओ'त, खळं 'के'त, मळा 'पी'त आणि सासुरवाडीचा रस्ता 'एल'मधून. शेजारच्या माणसाला गाव बघायला एक नकाशा पुरतो, मला चार लागतात.

ते चार मी पीडीएफमधून छापून, कात्रीनं कडा कापून, चिकटपट्टीनं जोडले आणि वाळायला गच्चीवर पसरले. शेजारीच आईचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते. वाऱ्यानं नकाशा उडून बिबड्यांवर बसला. 2021 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नकाशे बनवण्यावरची बरीच बंधनं उठवली. आमच्या घरात ती त्याच उन्हाळ्यात लागली.

त्या दिवशी आबा गच्चीवर आले. चष्मा लावून बराच वेळ वाकून पाहिलं. मी उत्साहानं सांगत होतो की पिवळं म्हणजे पिकाऊ रान, निळं पाणी, तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या; एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुन्हा नकाशामा मन्ही विहीर कथा शे?"

विहीर नव्हती. ती 1972 च्या दुष्काळात खोदलेली, सर्व्हेवाले बहुधा त्याआधीच येऊन गेले असावेत. आबांच्या लेखी त्या नकाशाचा निकाल तिथंच लागला.

मग मी विहीर संगणकावर टाकायचं ठरवलं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, 2002 पासून जगभरचे लोक मिळून ते घडवताहेत, शिकायची पुस्तिकाही त्याच्याच संकेतस्थळावर फुकट आहे. हे ऐकून बायको म्हणाली, "अहो, सगळं फुकट आहे तर तुम्हाला पगार कशाचा देतात?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

तो पगार जायची वेळ मात्र मी एकदा आणली होती. रावेरकडच्या केळीच्या बागांचं काम होतं. शेतांचे बिंदू अक्षांश आधी, रेखांश मागून असे आले होते आणि जिओजेसन या प्रकारच्या फाइलला रेखांश आधी लागतो. मी न बघता भरले. 21 उत्तर, 76 पूर्वऐवजी 76 उत्तर, 21 पूर्व. खानदेशची अख्खी केळी नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात जाऊन पडली. साहेबांनी फोनवर आवाज न चढवता विचारलं, "तिकडं ठिबक कसं बसवणार आहात?"

तेव्हापासून मी पुस्तकं मागवायला लागलो. म्हटलं, पाया पक्का हवा. पहिलं जाक बर्तँ या फ्रेंच माणसाचं, 1967 चं, इंग्रजीत उतरलेलं. चिन्ह कागदावर किती तऱ्हांनी बोलतं ते त्यात आहे: जागा, आकारमान, आकृती, रंग, गडदपणा, पोत, दिशा. वाचून अंगात आलं. पुतणीच्या लग्नपत्रिकेवरचा लग्नस्थळाचा नकाशा मीच काढला. प्रमाण, सूची, उत्तरेचा बाण, सगळं जागच्या जागी. शिवाय 75 पूर्व ही यूटीएमच्या, म्हणजे नकाशांसाठी पृथ्वीचे उभे पट्टे पाडायच्या पद्धतीतल्या, 43 व्या पट्ट्याची मधली रेषा, त्यामुळे आमच्याकडे कागदावरची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच येते. असं भाग्य किती गावांना लाभतं? वऱ्हाडाच्या ड्रायव्हरनं पत्रिका हातात आली तशी, उलटी धरली. दोन गाड्या पारोळ्याला पोचल्या. धाकट्या पुतणीच्या पत्रिकेत पुन्हा जुनाच नकाशा छापला: दोन रेघा, एक पेट्रोल पंप, एक गोल. सगळे वेळेवर आले.

दुसरं पुस्तक जॉन के यांचं 'द ग्रेट आर्क'. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन हिंदुस्थान मोजत निघालेल्या लॅम्बटनची गोष्ट. 1802 ला मद्रासेत सुरुवात, 1823 ला काम चालू असतानाच हिंगणघाटला मृत्यू. मागं एका लग्नाला हिंगणघाटला गेलो, तेव्हा अक्षतांच्या वेळी मी थडगं शोधत गावभर फिरत होतो. तेही पुतणीच्या लग्नाच्याच खात्यात जमा आहे.

आणि तिसरं आज येत होतं. मार्क मॉन्मोनियर यांचं 1991 सालचं, नाव 'हाउ टू लाय विथ मॅप्स'.

चौथा फोन. "दादा, मी परत नाल्यावरच आलो."

आता खरं सांगायला हरकत नाही. पोऱ्याच्या मोबाइलमधला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर बेतलेला होता. त्या नकाशात कुणीही भर घालू शकतं आणि आमच्या गावाची भर दहा वर्षांपूर्वी मीच घातली होती. मी गिरवलं ते उपग्रहाचं चित्र जरा सरकलेलं होतं. देऊळ, शाळा, टपरी, आमचं घर, सगळं गाव मी चाळीसेक मीटर ढकललं आणि नाला काढलाच नाही. तो नंतर दुसऱ्या कुणीतरी बरोबर काढला, म्हणून घर नाल्यात.

मी चप्पल घालून निघालो तेव्हा पोऱ्या गेला होता. पार्सल टपरीवर ठेवून, कुणाला तरी विचारून. आमच्या आडनावाची चार घरं आहेत, पण टपरीवाल्यानं "ते नकाशावाले का?" म्हणून ठेवून घेतलं. अक्षांश लागला नाही, रेखांश लागला नाही.

संध्याकाळी आबाच ते घेऊन आले. खोकं फोडून झालं होतं. ओट्यावर बसून पुस्तक उलटसुलट पाहत म्हणाले, हे कशाचं?

"नकाशे खोटं कसं बोलतात त्याचं."

आबा ताठ झाले. मळ्याच्या बांधापलीकडचा शेजारी दर नांगरणीला नांगराचं एक तास आत सरकतो, हे त्यांचं पंधरा वर्षांचं दुखणं. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, नावांच्या यादीवर बोट ठेवून खाली खाली नेत विचारलं,

"यामा त्यानं नाव शे का?"